उघड्या दाराची कैफियत

ठाण्याच्या कोपरी भागातील एका चित्रकाराने आपल्या राहत्या घरातील चित्रे काढण्याची खोली महिन्यातील ठरावीक रविवारी, सकाळच्या काही तासांपुरती, परिसरातील लोकांसाठी खुली ठेवण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा त्यास दोन दिशांनी विरोध झाला. पहिला विरोध शेजाऱ्यांचा होता आणि तो जिना, लिफ्ट, दारापुढचा चपलांचा ढीग व अनोळखी माणसांची ये-जा एवढ्या व्यावहारिक बाबींपुरता मर्यादित होता; त्याचा विचार मी यथावकाश करणार आहे. दुसरा विरोध अधिक गंभीर आहे, कारण तो खुद्द कलेच्या नावाने करण्यात आला आहे. आमच्या परिसरातील एका वयोवृद्ध, बहुश्रुत आणि चित्रकलेविषयी खरी आस्था बाळगणाऱ्या गृहस्थांनी असे प्रतिपादन केले की, कलानिर्मिती ही साधना असून साधनेला एकांत अपरिहार्य असतो. अपुरे चित्र परक्याच्या दृष्टीस पडणे हे चित्रालाही अपायकारक आणि चित्रकारालाही. ज्यास चित्र पाहावयाचे असेल त्याने ते पूर्ण झाल्यावर, रीतसर कलादालनात, उचित अंतरावर उभे राहून पाहावे. आणि घराचे दार येणाऱ्या-जाणाऱ्यास उघडून देणे म्हणजे कलेचा बाजार मांडणे होय. हे प्रतिपादन ज्या निष्ठेने केले गेले तिच्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ते इतिहासाच्या दृष्टीने निराधार, तर्काच्या दृष्टीने सदोष आणि परिणामाच्या दृष्टीने कलेचीच हानी करणारे आहे असे माझे ठाम मत असल्यामुळे, त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम इतिहास पाहू. कलावंताचे घर लोकांना बंद असावे ही कल्पना आपल्या मुलखात कधीपासून रुजली? ठाणे, कल्याण, पनवेल, पेण या साऱ्या पट्ट्यात मूर्तिकाराचे घर हे पिढ्यान्‌पिढ्या उघडेच राहिले आहे. पावसाळा लागला की घरोघरचे लोक आपल्या घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देत. पाटाच्या मापावर मूर्तीची उंची ठरे, पाटाखाली घराण्याचे नाव खडूने लिहिले जाई, आणि त्यानंतर श्रावण संपेपर्यंत, भाजी आणायला बाहेर पडलेला मनुष्य जाता जाता मूर्तिकाराच्या ओटीवर डोकावून आपल्या पाटावरील मूर्ती कुठवर आली आहे हे पाहून येई. ओटीवर एकीकडे शाडू मळला जात असे, दुसरीकडे साच्यातून निघालेल्या मूर्तींचे सांधे ओल्या बोटाने पुसले जात, भिंतीकडेला वाळत ठेवलेल्या मूर्तींची रांग असे, आणि या सर्वांमधून लहान मुले हात पाठीमागे बांधून, कारण घरून तशी सक्त ताकीद मिळालेली असे, फिरत असत. सोंडेचे वळण, बैठकीचा घाट, पितांबराचा रंग यांविषयी गिऱ्हाइके मोकळेपणाने आपली मते सांगत आणि मूर्तिकार त्यांतील काही मानी, काही हसून सोडून देई. डोळ्यांची आखणी करावयाची असली म्हणजे मात्र तो रात्री उशिरा, सारे निजल्यावर, दिव्यापाशी बसे. एकांत त्यालाही हवा होता. पण तो कोणत्या घटकेला हवा हे त्याचे तोच ठरवीत असे, आणि त्या एका घटकेसाठी त्याने वर्षभर दाराला कडी घातली नाही.

यावर आमचे आक्षेपक असे म्हणतील, आणि त्यांनी ते म्हटलेही आहे, की मूर्तिकार हा कारागीर होय आणि चित्रकार हा कलावंत. कारागिराच्या दाराचा दाखला कलावंताला लागू पडत नाही. हा भेद मला मान्य नाही, आणि तो अमान्य करण्यास एकच नाव पुरेसे आहे. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे या गावी झाला. त्यांचे वडील घरी गणपतीच्या मूर्ती करीत. मुलाचा हात पहिल्याने वळला तो या घरच्या मातीवर. पुढे या मुलाने गावच्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. ते कुलाबा जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले, आणि त्यांच्या साहाय्याने करमरकरांचा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश झाला. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला छत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा, जो एकसंध ओतकामाचा एक विक्रम म्हणून आजही सांगितला जातो, तो याच करमरकरांचा. आता या हकीकतीकडे आक्षेपकांच्या दृष्टीने पाहावे. एका पोरसवदा, अशिक्षित हाताचे, सर्व नियमांनी अपुरे असे चित्र देवळाच्या भिंतीवर येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसेल असे उघडे होते, आणि ते उघडे होते म्हणूनच महाराष्ट्राला एक श्रेष्ठ शिल्पकार लाभला. तयार झाल्यावाचून काही दाखवावयाचे नाही हा दंडक त्या मुलाने पाळला असता, तर रॉथफील्ड साहेबांचा घोडा सासवण्याच्या रस्त्याने जसा आला तसाच निघून गेला असता.

सासवण्याचा उल्लेख निघालाच आहे तर तेथे थोडे अधिक थांबणे इष्ट होईल, कारण माझ्या मुख्य मुद्द्याचे मर्म तेथेच आहे. १९६७ मध्ये करमरकर निवर्तले आणि त्यांचे समुद्राकाठचे घर पुढे संग्रहालय म्हणून लोकांना खुले झाले. ज्याने ते पाहिले नसेल त्याने अवश्य पाहावे. अंगणात म्हशीचे शिल्प आहे, ते इतके सजीव की नवखा मनुष्य क्षणभर अंतर राखूनच उभा राहतो. आत ‘शंखध्वनी’ आहे, ‘मत्स्यगंधा’ आहे, गावातल्या साध्या माणसांचे मुखवटे आहेत; ज्या कोळ्या-आगऱ्यांमध्ये हा मनुष्य वाढला त्यांच्या मानेची ठेवण, खांद्यावरील ओझ्याने कमरेत येणारा बाक, डोईवर पाटी घेणाऱ्या बाईच्या दंडाचा ताण हे सारे त्याने मातीत धरले आणि पुढे सिमेंटात व प्लॅस्टरमध्ये कायम केले. मुंबईहून, पुण्याहून, ठाण्याहून लोक तेथे जातात, चपला काढतात, आवाज आपोआप खाली आणतात. आमचे आक्षेपक स्वतः तेथे जाऊन आले आहेत आणि त्या भेटीविषयी त्यांनी मला जे सांगितले त्यात भक्तीखेरीज दुसरे काही नव्हते.

माझा प्रश्न हा आहे. करमरकरांच्या घरात पाऊल टाकणे हे जर पवित्र कृत्य असेल, तर कोपरीतील जिवंत चित्रकाराच्या घरात पाऊल टाकणे हे अधिक्षेपाचे कृत्य कसे ठरते? सासवण्याच्या घरातही अपुऱ्या आकृती आहेत, तेथेही कलावंताचे खासगी जीवन ज्या भिंतींत गेले त्याच भिंतींत आपण हिंडतो, तेथेही येणाऱ्या सर्वांनाच शिल्पकलेतले कळते असे नाही. फरक एवढाच की तेथे प्रश्न विचारला तर उत्तर देणारा उरलेला नाही. हा घोडा पुढचा पाय उचलून का उभा केला, ही बाई मान वळवून कोणाकडे पाहते, माती सुकू नये म्हणून फडकी किती वेळा भिजवावी लागत, कोणते काम हातून फसले आणि मग मोडून टाकले, हे सारे विचारावेसे वाटते आणि विचारण्याची वेळ टळून गेलेली असते. कलावंत मेला म्हणजे त्याचे घर तीर्थ आणि तो हयात असेतो त्याचे घर हे वर्ज्य स्थान, ही वृत्ती आपल्या समाजात इतकी मुरली आहे की तिच्यातील अन्याय आपल्या ध्यानातही येत नाही. स्मारकासाठी वर्गणी गोळा करणारे हात कलावंताच्या हयातीत त्याच्या दारावर थाप मारण्यास मात्र कचरतात.

पाश्चात्त्य देशांतही हा प्रकार नाही असे नाही. पॅरिसमधील शिल्पकार रोदँचे संग्रहालय १९१९ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी उघडले. इंग्लंडात सेंट आइव्ह्‌ज येथील बार्बरा हेपवर्थ या शिल्पकर्तीचे घर व कामाची जागा तिच्या निधनानंतर १९७६ साली लोकांना खुली झाली. परंतु पॅरिसमधीलच शिल्पकार ब्रांकुशीचे उदाहरण याहून निराळे आणि माझ्या मते अधिक बोधप्रद आहे. त्याने आपली सबंध कर्मशाळा, ती जशी आहे तशीच ठेवली जावी या अटीवर, फ्रेंच सरकारच्या स्वाधीन केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु हयातीतच तो भेटीस येणाऱ्यांना त्या जागेत मोठ्या आवडीने घेऊन जात असे, शिल्पांवरील आच्छादने एकेक करून दूर करीत असे, प्रकाश कोणत्या बाजूने पडावा हे ठरवून त्यांची मांडणी बदलीत असे. आपल्या कामाच्या जागेकडे तो कामाचाच भाग म्हणून पाहत होता. अशा मनुष्याची साधना अपुरी होती असे म्हणण्यास कोण धजेल?

आणि इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ज्यांचे नाव कल्याण-डोंबिवलीशी कायमचे जोडले गेले ते शिल्पकार सदाशिव साठे, ज्यांना सारे भाऊ साठे म्हणत, १९२६ साली जन्मले आणि २०२१ साली निवर्तले. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, ज्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले, तो त्यांचा. दिल्लीत चांदणी चौकातील नगरभवनाजवळचा महात्मा गांधींचा पुतळा त्यांचा. या पुतळ्यांकडे आपण नेहमी खालून, मान उंचावून पाहतो. उंच चबुतऱ्यावरील शिल्पाचा चेहरा खरोखर कसा आहे हे कबुतरांखेरीज फारसे कोणी जवळून पाहिलेले नसते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीच्या निवासी भागात भाऊंच्या शिल्पांचे ‘शिल्पालय’ उभे राहिले ते त्यांच्या हयातीत. तेथे त्याच हाताने घडविलेल्या चेहऱ्यांसमोर हातभर अंतरावर, डोळ्यास डोळा देऊन उभे राहता येते, ओठाच्या कडेशी बोट कोठे थांबले, गालावरून कोरणीचा दाब कसा फिरला हे न्याहाळता येते. औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गल्लीत हे घडले, आणि त्यामुळे शिल्पकलेचे पावित्र्य लोपले असे ठाणे जिल्ह्यात कोणाच्या ऐकिवात नाही.

वारल्यांचे उदाहरण तर याहून जुने आहे. डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले; देशोदेशींचे लोक त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या घरी जात आणि ते आपल्या अंगणात बसून चित्र काढीत. पण मुळात ती चित्रकला कोठे जन्मली? लग्नघराच्या भिंतीवर, सवाशिणींच्या हातून, लग्नाची गडबड घरात चालू असताना, तांदळाच्या पिठात काडी बुडवून काढलेल्या चौकातून. ज्या कलेने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचे नाव जगभर नेले ती माणसांनी भरलेल्या घरातच जन्मली, वाढली, आणि तिला एकांताची उणीव कधी भासली नाही.

आता आक्षेपकांच्या सर्वांत बळकट दाखल्याकडे वळतो. त्यांनी वासुदेव गायतोंडे यांचे नाव घेतले. गायतोंड्यांच्या मौनाविषयी, दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील त्यांच्या एकाकी वास्तव्याविषयी, कोणी आलेले त्यांना खपत नसे याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यांच्या चित्रांतील ती खोल, थरांमागून थर उलगडत जाणारी स्तब्धता पाहिली म्हणजे या मनुष्याला एकांत किती हवा होता हे सांगण्याची गरज राहत नाही. हे सर्व मला मान्य आहे. परंतु दिल्लीस जाण्यापूर्वी मुंबईत, ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे काम करीत होते, आणि ती वास्तू कशी होती? नाममात्र भाड्याने कलावंतांना जागा दिलेल्या. एका खोलीत चित्रकार, शेजारी हुसेन, पलीकडे अल्काझींची नाटकाची तालीम, कोठे रविशंकरांच्या किन्नर संस्थेचे संगीत. माणसांची सतत ये-जा. अमूर्त चित्राकडे त्यांची वाटचाल झाली ती याच वर्षांत. माणसांच्या सान्निध्याने एकांत मोडतोच असे जर असते, तर गायतोंडे त्या गजबजाटात चित्रकार म्हणून संपून गेले असते. एकांत ही चित्ताची अवस्था आहे, आणि ज्याच्यापाशी ती आहे त्याला दार उघडण्याचे भय नसते. ज्याच्यापाशी ती नाही त्याने सात कुलपांत कोंडून घेतले तरी ती उपजत नाही. शिवाय प्रस्तुत प्रकरणी प्रश्न अहोरात्र उघड्या दाराचा नाहीच. महिन्यातील मोजक्या सकाळी सोडल्या तर कोपरीचा आमचा चित्रकार आपल्या एकांताचा पूर्ण मालक आहे, आणि दाराची मुखत्यारी त्याच्याच हाती राहणार आहे. ज्या कलावंताला दार बंदच ठेवावेसे वाटते त्याने ते खुशाल बंद ठेवावे. त्याच्यावर सक्ती करा असे मी म्हटलेले नाही. माझी हरकत आहे ती ज्याला उघडावेसे वाटते त्याला कलेच्या नावाने मज्जाव करण्यास.

अपुरे चित्र दाखवू नये, हा दुसरा मुद्दा. मला तर असे वाटते की अपुरे चित्र हेच लोकांनी पाहण्यासारखे असते. जलरंगाचे चित्र दालनात लटकते तेव्हा ते जणू एका फुंकरीने कागदावर उतरले असावे असे दिसते आणि पाहणारा मुकाट्याने पुढे सरकतो. तेच चित्र होताना पाहावे. कागद भिजवून फळीवर ताणून बसविलेला असतो. फिकट रंगाचा हात वरून खाली एकाच ओघात यावा लागतो, मध्ये थबकले की कड उमटते. ओला रंग वाळला म्हणजे फिका पडणार हे जाणून चित्रकार तो जाणूनबुजून थोडा गडदच लावतो. आणि जेथे पांढरे हवे तेथे पांढरा रंग न देता कागदच मोकळा सोडतो, म्हणजे प्रकाश कोठे राहणार हे त्याने रंगाचा पहिला थेंब टाकण्यापूर्वीच ठरविलेले असते. हे सारे एकदा डोळ्यांनी पाहिलेला बारा वर्षांचा मुलगा पुढे आयुष्यभर कोणत्याही जलरंगचित्रापुढून मुकाट्याने पुढे सरकणार नाही. आपल्या राज्यात शालेय विद्यार्थ्यांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होतात. कोपरीतील शाळांतूनही मुले त्या परीक्षांना बसतात, घडा व कांदे समोर ठेवून वस्तुचित्र काढतात, संकल्पचित्रात रंग भरतात, श्रेणी मिळवितात. परंतु यांतील किती मुलांनी एखाद्या जाणत्या चित्रकाराला प्रत्यक्ष चित्र काढताना पाहिले असेल? पोहण्याची परीक्षा घ्यावी आणि मुलाला नदी मात्र दाखवू नये असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल की येणारे सारे अधिकारी रसिक नसतील. नसतीलच. परंतु अधिकार हा जन्मास येताना कोणी बरोबर आणीत नाही; तो वारंवार पाहिल्याने, चुकीचे प्रश्न विचारल्याने, चुकीची उत्तरे स्वतःशी दिल्याने, मग ती सुधारल्याने येतो. शास्त्रीय संगीताचा श्रोता महाराष्ट्रात ज्या रीतीने घडला तिचा विचार करावा. मंदिराच्या सभामंडपातील गाणे, गणेशोत्सवातील मंडपातले गाणे, चाळीच्या गच्चीवरील बैठक यांतून तो घडला. राग कोणता हे न कळणारे शेकडो लोक त्या गाण्याला बसले आणि त्यांतील काहींचा कान तयार झाला. चित्राच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही. चित्र पाहण्याचे ठिकाण म्हणजे मुंबईचा काळा घोडा परिसर, आणि तेथे जावयाचे म्हणजे एक रविवार खर्ची घालावयाचा, अशी आमच्या भागातील सामान्य माणसाची समजूत आहे. १९५२ साली जहांगीर कलादालन सुरू झाले त्याने मुंबईच्या कलाजीवनावर थोर उपकार केले यात वाद नाही. पण तेथे प्रदर्शन भरविण्यासाठी चित्रकारांना वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागते, आणि कोपरीचा चाकरमानी, जो रोज सकाळी ठाणे स्थानकाच्या पूर्वेकडून लोकलमध्ये कसाबसा आपले अंग घुसवितो, तो सुटीच्या दिवशी पुन्हा तीच गाडी पकडून चित्रे पाहावयास जाईल अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. चित्रकार त्याच्या शेजारच्या इमारतीत राहतो. चित्र तेथेच आहे. मध्ये आहे ते केवळ एक बंद दार.

बाजाराचा आरोपही मला तपासून पाहू द्या. घरी आलेल्याने चित्र विकत घेतले तर त्यात काय गैर आहे हे मला समजत नाही. चित्रकाराने अर्थार्जन करावे, परंतु ते आपल्या दृष्टीआड, दलालाच्या मार्फत करावे, असा या आरोपाचा खरा अर्थ होतो. खासगी दालने विक्रीच्या रकमेतून तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक आपल्याकडे ठेवतात. त्यांचा खर्च असतो, त्यांना तसे करणे प्राप्त आहे. परंतु तो हिस्सा जेथे द्यावा लागत नाही तेथे एखादा शिक्षक, एखादी परिचारिका, एखादा कारकून आपल्या पगारातून एक लहानसे मूळ चित्र विकत घेऊन घरी लावू शकतो. कोपरीतील किती घरांच्या भिंतींवर मूळ चित्र आहे? दिनदर्शिका आहेत, छापील देवदेवता आहेत. त्यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. पण शेजारच्या माणसाने आपल्या हाताने काढलेले, आपण होताना पाहिलेले एक चित्र त्या भिंतीवर आले तर घरातील मुलांची दृष्टी बदलेल. घासाघीस करणारेही येतील. पाट घेऊन मूर्तिकाराकडे जाणारेही घासाघीस करीत होते आणि मूर्ती तरीही सुंदर होत होत्या.

आता शेजाऱ्यांच्या विरोधाकडे. यातील काही गोष्टी रास्त आहेत आणि त्या मी आनंदाने मान्य करतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्याने इतरांच्या स्वास्थ्याचा विचार केलाच पाहिजे. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली उभ्या असलेल्या या संस्थांना आपल्या आवारापुरते नियम करण्याचा हक्क आहे आणि तो असावा. येणाऱ्यांची नोंद दरवाजावरील वहीत व्हावी, एका वेळी मोजकेच लोक वर जावेत, वेळ ठरलेली असावी, लिफ्ट म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी मोकळी राहावी, या साऱ्या अटी चित्रकाराने विनातक्रार पत्कराव्यात. परंतु निवासी जागेत व्यवसाय नको हे कारण पुढे करणाऱ्यांनी जरा आपल्याच इमारतीत डोळे उघडून पाहावे. तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना आहे, दुसऱ्या मजल्यावर दहावीच्या मुलांची शिकवणी आहे, कोठे वकिलांकडे पक्षकार येतात, कोठे पोळी-भाजीचे डबे भरले जातात, आणि या सर्वांकडे येणाऱ्यांची वर्दळ रोजची आहे. रहिवाशाने आपल्या घरात, मर्यादित जागेत, स्वतःचा व्यवसाय करण्यास बांधकाम नियमावलीतही वाव ठेवलेला आहे. वर्षानुवर्षांच्या या वहिवाटीला कोणी हरकत घेतली नाही. मग महिन्यातील मोजक्या सकाळी चित्रे पाहण्यास येणाऱ्या माणसांनीच असा कोणता उपद्रव होणार आहे?

एका बाबतीत मात्र मी आक्षेपकांच्या बाजूने उभा आहे, आणि ती बाब मला या प्रकरणातील सर्वांत नाजूक वाटते. एकट्या राहणाऱ्या स्त्री-चित्रकाराने आपला पत्ता जाहीर करून अनोळखी माणसांना घरात घेणे हे पुरुषाने तसे करण्याइतके सोपे नाही. तिच्या बाबतीत आधी नाव नोंदवून येणे, बरोबर कोणी परिचित असणे, गृहसंस्थेचे कोणी उपस्थित राहणे, किंवा घराऐवजी संस्थेच्या सभागृहात तिने बसून काम करणे, असे मार्ग काढावे लागतील. ते काढणे ही शेजाऱ्यांची जबाबदारी आहे. येथे गृहसंस्था खऱ्या अर्थाने उपयोगी पडू शकते: दारावर अडविण्याऐवजी ती सोबत उभी राहिली तर कितीतरी स्त्रियांच्या कपाटांत पडून असलेली चित्रे उजेडात येतील.

हे सर्व मी कोपरीच्याच संदर्भात आग्रहाने लिहितो याला कारण आहे. खाडीकाठचे कोळी, मिठागरांवर राबलेली कुटुंबे, फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली व येथील वसाहतीत नव्याने उभी राहिलेली घरे, आणि नोकरीसाठी देशावरून व कोकणातून आलेले आम्ही सारे, अशा निरनिराळ्या थरांनी हा भाग घडला आहे. हे लोक सणाला, निवडणुकीला आणि पाणी गेले म्हणजे एकत्र येतात. एरवी प्रत्येकजण आपल्या दाराआड असतो. चित्रकाराच्या खोलीत मात्र खाडीचे चित्र पाहताना कोळीवाड्यातील एखादी आजी ओहोटीच्या चिखलाचा रंग असा नसतो असे ठणकावून सांगेल, आणि माझी खात्री आहे की चित्रकाराला कोणत्याही समीक्षकाने सांगितले नसेल असे काही तिच्याकडून कळेल. पाहणाऱ्याला चित्र मिळते तसा चित्रकारालाही पाहणारा मिळावा लागतो. आज आपल्या कलावंतांची खरी उपासमार आहे ती पाहणाऱ्यांची, आणि ती दालनांच्या संख्येने भागणारी नाही.

तेव्हा माझी संबंधितांना विनंती अशी आहे. गृहसंस्थेच्या कार्यकारी मंडळाने योग्य त्या अटी लिहून घेऊन या उपक्रमास सहा महिन्यांची मुभा द्यावी आणि मुदत संपल्यावर तक्रारींचे दफ्तर उघडून पाहावे. चित्रकाराने कोणाच्याही उदात्त शब्दांनी नाउमेद न होता आपला मनोदय तडीस न्यावा. पालकांनी रेखाकला परीक्षेस बसणाऱ्या मुलांना तेथे घेऊन जावे आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. आणि ज्या आदरणीय गृहस्थांच्या प्रतिपादनामुळे मला हे लिहावे लागले त्यांनी पहिल्याच रविवारी यावे, तासभर बसावे, आणि त्यानंतरही त्यांचे मत कायम राहिले तर ते त्यांनी त्या खोलीतच, चित्रकाराच्या समक्ष मांडावे. मी तेथे ऐकावयास हजर राहीन.